लिंडेनफेल्टबुवा आणि सेंगकांगचा निशिकांत

सिंगापुरात सेंगकांग म्हणून एक भाग आहे. तिथल्या इमारती इतक्या सारख्या, की नवा माणूस हमखास दुसऱ्याच्या दाराची बेल वाजवतो. त्यातल्या एका इमारतीत बाराव्या मजल्यावर आमचा निशिकांत राहतो. खालून एलआरटी जाते, दोन डब्यांची, खेळण्यातली वाटावी अशी. त्या गाडीतून रोज हजारो माणसं कामाला जातात, पण अडीचशे वर्षांपूर्वी वारलेल्या एका जर्मन माणसाची बाजू घेऊन भांडणारा त्यात एकच. तो आमच्या घरचा. हे कराडात सांगितलं की लोक हातातला चहा खाली ठेवून ऐकतात.

निशिकांत लहानपणापासून बोलायला कमी. गणितात तर विचारू नका. नववीत छत्तीस, दहावीत पस्तीस, आणि तेही पेपर तपासणाऱ्याचं मन मोठं म्हणून. गणिताचे सर त्याला बाकावर उभं करून म्हणायचे, "याला मोजता येत नाही. याला घरी न्या." वर्ग हसायचा. निशिकांतचे फक्त कान लाल व्हायचे.

आता गंमत बघा. फळ्यावरचं मोजणं ज्याला जमलं नाही, त्याचे हात मात्र बरोबर मोजायचे. थोरला भाऊ भजनी मंडळात तबल्याला बसायचा. तालुक्यात ठेका धरणारे खरे दर्दी चार, आणि त्यातला एक आमच्या घरात, हे लोक मान्य करतात. त्याच्याशेजारी निशिकांत दोन वर्षं बसला. दादऱ्याच्या सहा, केरव्याच्या आठ. बोटांवर मोजता मोजता मात्रा अशा पक्क्या झाल्या, की पुढे पुढे जेवतानासुद्धा त्याचा घास समेवर पडायचा.

डिप्लोमा झाला, पुण्यात नोकरी लागली, सॉफ्टवेअर टेस्टरची. टेस्टर म्हणजे काय, तर दुसऱ्यानं केलेल्या कामातली चूक शोधायची आणि ती नम्रपणे कळवायची. कळवण्याचीही रीत ठरलेली. आधी तिकीट नंबर. मग अपेक्षित काय होतं. मग प्रत्यक्षात काय झालं. मग चूक किती गंभीर. समोरचा ती दुरुस्त करत नाही तोवर तिकीट उघडं राहतं, आणि तिकीट उघडं असलं की टेस्टरला झोप लागत नाही. ही नोकरी जगात निघालीच असेल तर आमच्या निशिकांतसाठी. कंपनीनं त्याला उचलून सिंगापूरला नेला ते उगीच नाही.

घरीही तो तसाच. एकदा जेवताना बायकोला, विभाला, म्हणाला, "आमटी. अपेक्षित, मीठ. प्रत्यक्षात, नाही. गंभीरता, मध्यम."

विभा म्हणाली, "तिकीट बंद कर. नाहीतर उद्यापासून किचन बंद, गंभीरता जास्त."

त्यानं तिकीट बंद केलं. मोठ्या मनाचा आहे तो.

त्याची मुलगी आर्या, तिकडच्याच शाळेत शिकते. शाळेत प्रत्येकाला एक काहीतरी घ्यावं लागतं, खेळ नाहीतर वाद्य. हिला व्हायोलिन हवं होतं, मिळाला व्हायोला. व्हायोला म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. दिसायला तसाच, पण आवाजाला भारदस्त, आणि कौतुक मात्र सगळं धाकट्याचं होतं. असो.

आर्या रोज संध्याकाळी एकच तुकडा वाजवायची. मिन्युएट म्हणतात त्याला, जर्मन दरबारातला नाच, तीन-तीन मात्रांचा. निशिकांतनं पहिल्याच दिवशी ओळखलं, हा तर आपला दादरा, फक्त पावडर लावून आलेला. तो सोफ्यावर बसून मांडीवर ठेका धरायचा. आणि रोज एकाच जागी त्याचा हात आपटायचा. पुढे गेलं की आणखी एका जागी.

"आर्या, मात्रा खातेस तू तिथे."

"बाबा, पेपरवर तसंच आहे ला." तिकडे बोलताना शेवटी 'ला' लावायची पद्धत आहे.

"असं कसं असेल?"

"यू कम अँड सी."

त्यानं येऊन बघितलं. त्याला ती खुणांची लिपी येत नव्हती, पण ठिपके मोजता येत होते. खरंच, दोन उभ्या रेघांमधल्या एका घरात तीनच्या जागी दोन मात्रा. पुढच्या पानावर एका घरात तीनच्या जागी चार. वर नाव होतं ट्राउगॉट लिंडेनफेल्ट.

सहा महिन्यांनी आर्यानं व्हायोला शाळेला परत केला. "नेटबॉल घेतलं. व्हायोला इज सो सियान," म्हणाली. सियान म्हणजे जीव विटणं, एवढं निशिकांतला एव्हाना कळत होतं. पण पोरीनं सोडलं ते बापानं धरलं. लायब्ररीतून त्यानं लिंडेनफेल्टच्या सगळ्या रचनांचं जाडजूड पुस्तक आणलं. जर्मनीतल्या डॉ. उवे काल्टेनबाख नावाच्या विद्वानानं ते काढलेलं, आयुष्यातली वीस वर्षं घालून. प्रस्तावना इंग्रजीत होती. तिच्या तिसऱ्या पानावर एक वाक्य होतं. मराठीत सांगायचं तर असं: 'लिंडेनफेल्टला चाल सुचत असे, परंतु त्याला मोजता येत नसे.'

निशिकांतनं ते दोनदा वाचलं. विभा सांगते, त्याचे कान लाल झाले होते.

त्या रात्रीपासून लिंडेनफेल्ट आमच्या घरातला झाला. निशिकांत त्याला बुवा म्हणायला लागला. गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मोठ्या माणसाला दुसरं काय म्हणणार?

आता बुवांची हकिगत थोडक्यात सांगितलीच पाहिजे, कारण ती सांगणारं दुसरं कोणी नाही. बुवा जन्मले सतराशे एकवीस साली, बिर्केनरोडा नावाच्या संस्थानात. आपल्याकडे औंध, जमखिंडी अशी संस्थानं होती ना, तसंच ते, त्याहून लहान. सकाळी घोड्यावर बसून राजा फिरायला निघाला की नाश्त्याआधी दुसऱ्याच्या राज्यात. बुवांचा बाप पावभट्टीवाला. पोरगं पिठाच्या पोत्यावर ताल धरतं म्हणून बापानं दरबारच्या वाजंत्र्यांकडे नेऊन सोडलं.

राजाला व्हायोला वाजवायचा नाद. येत काही नव्हतं. पण राजा तो, त्याला कोण सांगणार? मग बुवांनी डोकं लढवलं. राजासाठी अशा रचना केल्या, की राजानं काहीही वाजवलं तरी बाकीचे सांभाळून घेतील. एकूण एकसष्ट रचना. त्यातल्या अठरा राजाच्या व्हायोलासाठी, नऊ चर्चसाठी, आणि एक राजाचा लाडका शिकारी कुत्रा मेला तेव्हा त्याच्या अंत्ययात्रेसाठी. कुत्र्याची रचना सगळ्यांत मोठी आहे, बत्तीस मिनिटं. बुवांनी दोन लग्नं केली, अकरा मुलं झाली, आणि सतराशे एकोणऐंशी साली नोव्हेंबर महिन्यात राजाच्या शिकारीबरोबर पावसात वाजवत फिरताना सर्दी झाली ती छातीत उतरली. सोळा तारखेला गेले. राजा म्हणे रडला, आणि दुसऱ्या दिवशी नवा वादक ठेवला.

अशा माणसाला मोजता येत नव्हतं? बेताल राजाला आयुष्यभर तालात बसवणाऱ्याला?

निशिकांतनं काल्टेनबाखला पहिलं तिकीट पाठवलं. ईमेलनं, व्यवस्थित. 'रचना क्रमांक एकतीस, मिन्युएट. अपेक्षित, तीन मात्रा. प्रत्यक्षात, दोन. गंभीरता, जास्त. प्रस्तावना, पान तीन, वाक्य दुसरं. अपेक्षित, वाक्य नसणे. प्रत्यक्षात, आहे. गंभीरता, अति.'

उत्तर आलं नाही. त्यानं दुसरं पाठवलं. मग तो खुणांची लिपी शिकला, रोज एलआरटीत बसून, आणि बाकीच्या साठ रचना तपासल्या. एकाही ठिकाणी मात्रा चुकलेली नाही. हेही कळवलं. तीन वर्षांत बेचाळीस तिकिटं गेली. पलीकडे शांतता. दुसरा असता तर थकला असता. पण चिकाटी आमच्या रक्तात आहे.

बेचाळिसावं तिकीट मात्र वेगळं होतं. एकदा सेंगकांगच्या स्टेशनवर गाडीची वाट बघताना त्याच्या डोक्यात आलं, की एका जागी एक मात्रा कमी आणि दुसऱ्या जागी बरोबर एकच जास्त. म्हणजे ही चोरी नाही, अदलाबदल आहे. बुवांचं हस्तलिखित सुट्या पानांचं, आणि कुठलं पान कुठे संपतं ते पुस्तकाच्या टिपांत दिलेलं होतं. तिसरं पान संपताना घर अर्धवट राहिलं असेल, एका मात्रेवर. उरलेल्या दोन मात्रा चौथ्या पानाच्या सुरुवातीला असतील. आणि मधल्या अडीचशे वर्षांत कोणीतरी ती दोन पानं उलटसुलट ठेवली, की झालं. एका सांध्यात एक मात्रा कमी पडणार, दुसऱ्यात जास्त होणार. त्यानं घरी जाऊन पानं अदलाबदल करून मोजलं. सगळी घरं तीन-तीन. विचारात असताना स्टेशनवरून दोन गाड्या निघून गेल्या होत्या, तेही त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

तेही तिकीट गेलं. आणि नोव्हेंबरात चक्क उत्तर आलं. दोन ओळींचं. 'मी एका परिषदेसाठी सिंगापूरला येत आहे. रविवारी सोळा तारखेला दुपारी तीन तास मोकळे आहेत. पुस्तकाची नवी आवृत्ती छपाईला जाते आहे, त्याआधी हा विषय संपवू.'

रविवार, सोळा तारीख. निशिकांत विभाला म्हणाला, "बुवांची पुण्यतिथी."

विभा म्हणाली, "मग चहा-बिस्किटांवर कसं भागेल?"

शिरीष म्हणून त्याचा मित्र आहे, मरीन परेडला काँडोत राहतो. स्विमिंग पूल, जिम, आणि खाली एक फंक्शन रूम. त्यानं ती रूम मिळवली. पुण्यतिथी म्हटल्यावर आपल्या माणसाला सांगावं लागत नाही. टेबलावर पांढरी चादर, त्यावर फोटो, फोटोला हार, समोर समई, उदबत्ती. प्रास्ताविक, मनोगत, आभार, मग बटाटेवडे. निरोप तिथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकला तर तीसेक माणसं यायला तयार. अर्ध्यांना लिंडेनफेल्ट कोण ते माहीत नव्हतं, पण बटाटेवडे विभाचे आहेत हे माहीत होतं.

फोटोचं काम शिरीषनं अंगावर घेतलं. निशिकांतनं सांगितलं होतं, "बुवांचं चित्र कुठेच नाही. कोणी काढलंच नाही." शिरीष म्हणाला, "नाही कसं, नेटवर आहे की." आणि दोन बाय तीन फुटांची रंगीत प्रिंट काढून आणली. पांढऱ्या कुरळ्या केसांचा टोप, मखमली कोट, हातात व्हायोला, खाली इंग्रजीत नाव, ट्राउगॉट लिंडेनफेल्ट. निशिकांतला भरून आलं. तीन वर्षं ज्याच्यासाठी भांडला त्याचं तोंड पहिल्यांदा बघत होता. आणि ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, त्यानं तो फोटो तपासला नाही. एवढा एकच दिवस.

हाराचा प्रश्न शिरीषच्या आईनं, दमयंतीकाकूंनी सोडवला. भिंतीवरच्या आपल्या यजमानांच्या तसबिरीवरून चंदनाचा हार उतरवला आणि म्हणाल्या, "दोन तासांचा प्रश्न आहे. ह्यांना चालेल. ह्यांनाही गाण्याची आवड होती."

रविवारी तीनला सगळे जमले. रूममध्ये आदल्या कार्यक्रमाचे फुगे तसेच लटकत होते, त्यांच्याखाली बुवा हार घालून बसलेले. वरुण म्हणून एक मुलगा आहे, विद्यापीठात डासांवर पोस्टडॉक करतो, पेटी सुंदर वाजवतो. तो पेटी घेऊन आला होता, कारण व्हायोला वाजवणारं कोणी मिळालं नव्हतं.

डॉ. काल्टेनबाख आला. उंच, टक्कल पडलेला, साठीचा, घामाघूम. दारात बूट काढलेले बघून त्यानंही काढले, मोज्याला भोक होतं. निशिकांतनं नमस्कार केला आणि त्याला सरळ फोटोपुढे नेलं, फूल वाहायला.

काल्टेनबाख फोटोकडे बघत उभा राहिला. निशिकांत त्याच्याकडे बघत होता, मग फोटोकडे बघितलं, मग परत त्याच्याकडे. फोटोत डाव्या गालावर, नाकाशेजारी एक चामखीळ होती. काल्टेनबाखच्या डाव्या गालावर, नाकाशेजारी, तशीच चामखीळ होती.

टेस्टरचा डोळा तो. एका क्षणात समजलं. टोप काढला की हाच.

तो हळूच मागे सरकला आणि विभाच्या कानात म्हणाला, "फोटो त्याचाच आहे."

"कुणाचा?"

"काल्टेनबाखचा. टोप घातलेला."

विभाच्या हातातला वडा ताटात पडला. "आपण जिवंत माणसाला हार घातलाय?"

"आणि समई लावलीय."

"आणि उदबत्ती," विभा म्हणाली. "आधी तो हार काढ."

निशिकांत पुढे गेला, सहज नीट करतोय असं दाखवून हाराला हात घातला. तेवढ्यात काल्टेनबाख म्हणाला, "नको, नको, राहू द्या. फारच सुंदर आहे. माझा असा मान कधी कुणी केला नाही." आणि मोबाइल शिरीषच्या हातात देऊन हाराशेजारी उभा राहिला, फोटो काढायला. बिर्केनरोडा गावात म्हणे दर सप्टेंबरला बुवांचा उत्सव होतो, त्यात तोच बुवा होतो, अकरा वर्षं. तो फोटो गावाच्या वेबसाइटवर होता. त्याला वाटलं, सिंगापूरच्या लोकांनी शोधून काढून आपलं स्वागत केलंय.

ही बातमी खुर्च्यांमधून पसरायला अर्धं मिनिट लागलं. तीस माणसांची तोंडं एकदम सुतकी झाली. काल्टेनबाखला वाटलं, बुवांबद्दलचा आदर. त्यानंही तोंड गंभीर केलं.

दमयंतीकाकू मात्र उठल्या. "औक्षण केल्याशिवाय हा माणूस या खोलीबाहेर जाणार नाही," म्हणाल्या. "शिरीष, वर जा, निरांजन आण. सुपारी, अक्षता, आणि मीठ-मोहरी. पळ."

"आई, त्याला काय सांगायचं?"

"त्याला कशाला सांगायला पाहिजे? आयुष्य वाढवायचंय, कमी करायचं नाही."

शिरीष चौदाव्या मजल्यावर गेला आणि आला. काल्टेनबाखला खुर्चीवर बसवलं. काकूंनी कपाळाला कुंकू लावलं, टक्कल असल्यामुळे कपाळ कुठे संपतं ते कळेना, अंदाजे लावलं. डोक्यावर अक्षता टाकल्या, त्या घरंगळून कॉलरमध्ये गेल्या. निरांजनानं ओवाळलं. मग मीठ-मोहरी मुठीत घेऊन डोक्यावरून पायापर्यंत तीनदा उतरवली. "शंभर वर्षांचा हो," म्हणाल्या, "आणि यापुढे टोप घालून फिरू नकोस."

काल्टेनबाखनं शिरीषला विचारलं, "त्या काय म्हणाल्या?"

"दीर्घायुष्य चिंतलं तुमचं," शिरीष म्हणाला. अर्धं तर खरं होतं.

मग काल्टेनबाखनं निशिकांतकडे वळून विचारलं, "आणि मिस्टर पिसाळ, फोटोला हार घालण्याचा तुमच्याकडे नेमका अर्थ काय?"

 शिरीष मागून खुणा करत होता, मान देतात म्हणून सांग. विभानं डोळे मोठे केले. आणि निशिकांतला कळत होतं, की याच माणसाच्या हातात ते वाक्य आहे. नवी आवृत्ती छपाईला जातेय. याचं बिनसलं तर बुवा आणखी शंभर वर्षं न मोजता येणारे राहणार. गोड बोललं असतं तर निभावलं असतं.

पण तिकीट उघडं ठेवणं त्याला जमत नाही.

"सर," तो म्हणाला, "आमच्याकडे असा हार वारलेल्या माणसाच्या फोटोला घालतात. हा फोटो आम्ही बुवांचा समजलो. तपासायचं काम माझं होतं, मी तपासलं नाही. चूक माझी. गंभीरता, अति."

काल्टेनबाखनं फोटोकडे बघितलं. समईकडे बघितलं. कपाळाला हात लावून बोटावरचं कुंकू बघितलं.

"म्हणजे मी वारलो," तो म्हणाला. "कधीपासून?"

"तीन वाजल्यापासून," शिरीषच्या तोंडून निघून गेलं.

"आणि या बाईंनी?"

"त्यांनी परत आणलं तुम्हाला. तीन पंचवीसला."

काल्टेनबाख हसायला लागला. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग चष्मा काढून डोळे पुसायला लागला. खोलीनं श्वास सोडला. "अकरा वर्षं तो फोटो वेबसाइटवर आहे," तो म्हणाला, "बुवांच्या नावानं. चूक आमची. तिथल्या कुणी बघितलं नाही. तुम्ही पहिले." मग चष्मा परत घालून म्हणाला, "तुमची चूक तुम्ही सांगितलीत. आता माझी दाखवा. बेचाळीस वेळा लिहिलंत, एकदा दाखवा."

निशिकांतनं वरुणला खूण केली. मग खुर्च्यांकडे वळून म्हणाला, "टाळी धरायची. एक-दोन-तीन, एकवर टाळी. आरतीला धरतो तशीच. मी काही सांगणार नाही, कुठेही अडलात तर अडू द्या."

वरुणनं पेटीवर मिन्युएट सुरू केलं, पुस्तकात छापलंय तसंच. तीस माणसं टाळ्या वाजवू लागली. आपल्या माणसाला गाता येवो न येवो, टाळी येते, गणपतीसमोर उभं राहून राहून आलेली असते. छान चाललं होतं. दमयंतीकाकू डोळे मिटून टाळी देत होत्या. आणि तिसऱ्या ओळीनंतर एकदम, सगळ्या खोलीचा पाय घसरल्यासारखं झालं. तीस टाळ्या तीस दिशांना गेल्या. काकूंनी डोळे उघडले. "पेटीवाल्यानं मात्रा खाल्ली," म्हणाल्या.

"छापलंय तसंच वाजवलं, काकू," वरुण म्हणाला.

लोकांनी टाळी पुन्हा पकडली. पुढे गेले. दुसऱ्या सांध्याला पुन्हा सगळ्यांचे हात वर राहिले, एक मात्रा जास्तीची लोंबकळत होती. कुणीतरी हसलं. काल्टेनबाख हसला नाही, कारण त्याचा स्वतःचा हातही मांडीवर टाळी देत होता, आणि तोही तिथेच अडला होता.

"पुन्हा," तो म्हणाला.

पुन्हा वाजवलं. पुन्हा त्याच दोन जागी तीसही माणसं आपटली. नवखी माणसं कधी एवढ्या एकमतानं चुकत नाहीत. चुकतात ती वेगवेगळी.

वरुणच्या स्टँडवर बुवांच्या पानांप्रमाणे सुटी उतरवलेली पानं होती, त्यातल्या तिसऱ्या-चौथ्याची निशिकांतनं अदलाबदल केली. "आता," म्हणाला.

वरुण वाजवत गेला. पहिला सांधा आला आणि गेला, कुणाला कळलाही नाही. दुसरा आला आणि गेला. चाल अशी वळली की बुवा जणू तिथेच बसून हात धरून नेत होते, आणि शेवटच्या घरावर तीस टाळ्या एकदम, एकच टाळी पडावी तशा पडल्या. वर फुगा फुटला, पण तो योगायोग.

 काल्टेनबाखनं खिशातून पेन्सिल काढली, पानांच्या कोपऱ्यात बघू लागला, जणू तिथे काही लिहिलेलं असावं.

"पानांवर नंबर पेन्सिलीनं घातलेले आहेत," तो हळू म्हणाला. "बुवांनी नाही घातलेले. कुणा ग्रंथपालानं, शंभरेक वर्षांपूर्वी. मी कधी विचारलंच नाही, ते बरोबर आहेत का." त्यानं पान खाली ठेवलं. "अकरा वर्षं मी त्या माणसाचा टोप घालून फिरतोय. आणि नंबर चुकलेत हे कळायला मला इथे येऊन मरावं लागलं."

निशिकांतनं विचारलं, "सर, ते वाक्य?"

"मूळ कागद बघतो," काल्टेनबाख म्हणाला. "बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही."

"बरोबर आहे," निशिकांत म्हणाला. बघितल्याशिवाय तोही बोलत नाही.

पुढे आभार झाले, वडे झाले. काल्टेनबाखनं सात खाल्ले, हे मोजायला विभा होती. मेलेला माणूस एवढं खात नाही, काकू म्हणाल्या, म्हणजे औक्षण लागू पडलं. शिरीषनं चंदनाचा हार काढून नेला आणि वडिलांच्या फोटोला परत घातला.

मग डिसेंबर गेला. जानेवारी गेला. विभा सांगते, आमटीत मीठ नसलं तरी निशिकांतला कळत नव्हतं. फेब्रुवारीत, दुपारच्या सुट्टीत हॉकर सेंटरला नूडल्सपुढे बसलेला असताना मोबाइलवर ईमेल आली. नव्या आवृत्तीची पानं जोडलेली होती. रचना क्रमांक एकतीस, तिसरं आणि चौथं पान बदललेलं. निशिकांतनं प्रस्तावना उघडली, तिसरं पान. बोटानं ओळी मोजत गेला. वाक्य नव्हतं. वरचं होतं, खालचं होतं, मधलं नव्हतं. ते गेल्याची जागासुद्धा दिसत नव्हती, जणू कुणी कधी लिहिलंच नव्हतं.

त्यानं घरी फोन केला, कराडला, भर दुपारी. एवढंच म्हणाला, "बुवांना मोजता येतं." मग नूडल्स थंड झाल्या म्हणून फोन ठेवला.

आता तळटीप. एकतिसाव्या रचनेखाली बारीक अक्षरांत लिहिलंय: 'पानांचा क्रम सिंगापूर येथे सुमारे तीस व्यक्तींनी केलेल्या चाचणीनुसार दुरुस्त.' बस. कुणाचं नाव नाही. यावर कराडात फार बोलणं झालं. तीन वर्षं खपायचं एकानं आणि टाळ्या वाजवणाऱ्या तिसांचा उल्लेख व्हायचा, हे कुठल्या न्यायात बसतं? निशिकांतला म्हटलं, लिही त्याला, त्रेचाळिसावं तिकीट टाक. तर म्हणाला, "कशाला? अपेक्षित होतं ते झालं की."

तो असाच आहे. त्याचं त्याला पुरतं, पण घरच्यांना पुरत नाही. तिथे छापलं नाही, तर इथे लिहून ठेवलंय. पानं बरोबर लावली ती निशिकांत दत्तात्रय पिसाळ यानं, मूळ गाव कराड, हल्ली मुक्काम सेंगकांग, बारावा मजला.